भाडेकरूचा परदेश

गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी शिष्यवृत्ती मिळवून दक्षिण फ्रान्समधील मार्सेय शहरी शिकावयास गेला. जाण्यापूर्वी तो घरी भेटावयास आला. त्याची आई इथे सोलापुरात विड्या वळते. वडील नाहीत. पासपोर्ट, कपडे, थंडी, तिकडचे जेवण असे सगळे बोलून झाले. उठता उठता त्याने विचारले, "सर, तिकडं खोली बघताना आडनाव विचारत्यात का?"

मी मराठी साहित्य शिकवितो. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. तो गेल्यावर मी कपाटातली प्रवासवर्णने काढून बसलो. मराठी माणूस परदेशी जाऊन आला आणि त्याने पुस्तक लिहिले नाही असे क्वचितच घडते. तेव्हा या एवढ्या पानांत माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला कोठेतरी उत्तर असेल असे मला वाटले. ते नव्हते. मग ध्यानात आले की उत्तर राहो, हा प्रश्नच तेथे नाही. जो प्रश्न आमच्या एका पोराच्या मनात सर्वांत आधी येतो, तो मराठीतल्या एका मोठ्या वाङ्मयप्रकाराला कधी पडलाच नाही. प्रस्थापित समीक्षेला हे न्यून वाटले नाही. आपल्याला ते वाटावयास हवे, म्हणून हा लेख.

मराठी प्रवासवर्णनाचा आरंभ सांगताना विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाचा उल्लेख आदराने होतो, आणि तो योग्यच आहे. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. त्याची हकीकत १९०७ साली छापून निघाली. त्याच्या वाट्याला आलेली संकटे खरी आहेत. पण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनोळखी मुलखात, पेटलेल्या गावातसुद्धा या माणसाला कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकता येते आणि कोणाच्या तरी पंक्तीला पान मिळते. त्याचा जन्म हेच त्याचे पारपत्र आहे.

पुढे हा प्रवासी बोटीत बसला, नंतर विमानात बसला. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली आली आणि मराठी मध्यमवर्गाने ती डोक्यावर घेतली. मलाही ती आवडते. शब्दांशी असा खेळकर सलोखा फार थोड्यांना साधतो. पण या परंपरेतला प्रवासी हा मुळात पाहुणा आहे. तो घर सोडून निघाला आहे, म्हणजे त्याला सोडण्यासारखे घर आहे. परदेशात त्याची जी गैरसोय होते ती वरणभाताची, बोलीची, हवेची. राहावयास जागा मिळेल की नाही ही धास्ती त्याला कधी वाटलीच तर ती पैशामुळे वाटते, जन्मामुळे नाही. आणि गोऱ्याच्या देशात रंगामुळे त्याचा कोठे अवमान झाला, तर तो आयुष्यातला पहिला अवमान असतो. म्हणून तो लिहिण्यासारखा वाटतो.

अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आलेला हा लेखक. त्याने प्रवासवर्णनाला कामगाराचा डोळा दिला, हे मोठेच काम झाले. तरीही तेथे अण्णा भाऊ पाहुणेच होते. पाहुण्याला खोली शोधावी लागत नाही, कोणीतरी ती आधीच ठरवून ठेवलेली असते.

माझा विद्यार्थी पाहुणा म्हणून गेलेला नव्हता. त्याला तेथे राहावयाचे होते. राहणे आणि पाहणे यांत फरक आहे. पाहणाऱ्याला नदी, चर्च, चित्रे दिसतात. राहणाऱ्याला घरमालक, पाणी, शेजार, दुकानदार आणि सरकारी कचेरीची खिडकी दिसते. परदेशाविषयीचे मराठी लेखन हे बहुतांशी पाहुण्याचे लेखन आहे. भाडेकरूचे लेखन आपल्याकडे फार थोडे. मार्सेयचेच पाहा. हे नाव उच्चारले की मराठी माणसाला १९१० साली सावरकरांनी तेथे बोटीवरून मारलेली उडी आठवते. आपल्या वाङ्मयीन स्मृतीत ते शहर उडी मारण्याचे ठिकाण आहे, राहण्याचे नाही.

मग परदेशात राहिलेला आपला माणूस कोण? नाव एकच ओठावर येते. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात, मग पश्चिमेकडील ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले. १९१६ साली ते लंडनला गेले, १९१७ साली परतले आणि १९२० साली पुन्हा गेले. दुसऱ्या खेपेच्या लंडनमधल्या हालांचे वर्णन धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. तुटपुंजी न्याहारी, दिवसभर ग्रंथालय, रात्री कपभर बोव्हरिल आणि भाजलेले चार पापड. घरमालकीण कडक होती. भूक सोबतीला होती.

परंतु ही भूक आपण अभिमानाने सांगतो. आमच्या वस्तीत प्रत्येक चौदा एप्रिलला कोणी ना कोणी ते पापड सांगतोच. हे दुःख अभिमानाने का सांगता येते, याचा विचार मी करीत आलो आहे. मला वाटते, ती भूक निव्वळ भूक होती म्हणून. ती गरीब विद्यार्थ्याची भूक होती, आणि जगातला कोणताही गरीब विद्यार्थी ती ओळखील. त्या घरमालकिणीने अन्न कमी दिले. पण वरून पाणी ओतले नाही.

आता बाबासाहेबांचे स्वतःचे लेखन घ्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे छोटे पुस्तक त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिले. ते पुस्तिकारूपाने निघाले १९९० साली. त्याची सुरुवात १९०१ मधल्या प्रवासाने होते. लहान भीमराव आणि भावंडे वडिलांना भेटावयास निघतात, स्टेशनावर उतरतात, आणि जात कळताच त्यांना बैलगाडीवाला मिळत नाही. मिळतो तो दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी पोरांनीच हाकावयाची या अटीवर. रात्रभर जवळ अन्न असून पाणी नाही म्हणून जेवता येत नाही. गोडसे भटजींच्या हकीकतीशेजारी ही हकीकत ठेवून वाचा. मराठी मुलखात फिरणाऱ्या दोन माणसांचे हे दोन वेगळे देश आहेत.

त्यानंतरची आठवण १९१७ सालची. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हावयाचे आहे आणि राहावयास जागा नाही. पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजावर, वहीत पारशी नाव लिहून, ते राहतात. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र दोघेही जागा देण्याचे टाळतात. कामाठी बागेत बसून दिवस सरतो आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबई गाठतात.

या दोन आठवणींच्या मध्ये अमेरिका आणि इंग्लंड आहे. पण पुस्तकात त्याचे वर्णन नाही. खोली कशी होती, काय खाल्ले, कोणाशी बोलले, काही नाही. कोणी म्हणेल, पुस्तकाचा हेतूच अस्पृश्यता कशी पाळली जाते हे परदेशी वाचकाला समजावून देण्याचा होता, त्यात न्यूयॉर्कचे काय काम? आक्षेप बरोबर आहे. पण लेखक स्वतःच तेथे सांगतो की, त्या परदेशवासाने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्याच्या मनातून पुसून टाकली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच 'आता जावयाचे कोठे' या प्रश्नाने ती परत आली. म्हणजे ही गाळलेली पाने रिकामी नाहीत. ज्या देशात दारावर कोणी काही विचारले नाही, त्या देशातल्या दारांविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही. अपमानाला प्रसंग असतो, तारीख असते, जागा असते. अपमान न होणे याला तारीख नसते. दलित आत्मकथनांत परदेशवास, शहरवास, वसतिगृहातले बरे दिवस नेहमी चार ओळींत का आटोपतात, याचे कारण मला येथे सापडते.

आणि शीर्षक पाहा. व्हिसाची वाट पाहणारा माणूस कोठे उभा आहे? परक्या देशाच्या वकिलातीत नाही. स्वतःच्या देशाच्या दारात. हे आपल्या वाङ्मयातले भाडेकरूचे पहिले मोठे पुस्तक आहे.

पण इथेच आपण थांबलो तर फसगत होईल. आपल्यापैकी पुष्कळजण इथे थांबतात आणि म्हणतात, परदेश म्हणजे मुक्ती. या समजुतीची तपासणी करावयास मला एक परका लेखक उपयोगी पडला. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले तेव्हापासून आपल्या चळवळीने काळ्या साहित्याशी नाते जोडले. १९७२ साली पँथरने तर नावच तेथून घेतले. त्या साहित्यातला जेम्स बॉल्डविन हा लेखक न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२४ साली जन्मला. बाबासाहेब ज्या ११४ व्या रस्त्यावर निर्धास्त राहिले, त्या उंचवट्याच्या आणि हार्लेमच्या मध्ये फक्त एक उतरती बाग आहे. वर बाबासाहेबांना ज्या शहराने काही विचारले नाही, ते शहर बागेच्या खाली राहणाऱ्या काळ्या माणसाला पावलोपावली विचारीत होते.

तेच विचारणे असह्य होऊन बॉल्डविन १९४८ साली, खिशात चाळीस डॉलर घेऊन, पॅरिसला गेला. बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये जे मिळाले ते न्यूयॉर्कच्या या पुत्राला फ्रान्समध्ये शोधावे लागले. १९७० च्या सुमारास तो दक्षिण फ्रान्समध्ये, नीसजवळच्या सँ-पॉल-द-व्हाँस या डोंगरी गावात राहावयास गेला आणि १९८७ साली मरेपर्यंत ते त्याचे घर होते. घरमालकीण अल्जीरियात वाढलेली वृद्ध फ्रेंच बाई. तिच्या मनात काळ्या माणसाविषयी अढी होती. पुढे दोघांचे सख्य झाले. अंगणात झाडाखाली मोठे मेज असे, त्यावर आल्यागेल्याचे जेवण चाले, आणि रात्री सगळे निजल्यावर हा लिहीत बसे. १९७४ सालची त्याची 'इफ बील स्ट्रीट कुड टॉक' ही कादंबरी याच काळातली. राहत होता तो फ्रान्सच्या उन्हात, पण लिहीत होता हार्लेमचे.

बॉल्डविनचे मोठेपण असे की आपल्याला मिळालेल्या दाराबद्दल त्याने स्वतःला फसविले नाही. १९४९ साली पॅरिसमध्ये, दुसऱ्याने चोरलेल्या एका पलंगपोसापायी, त्याला तुरुंगात जावे लागले. खटल्यात तो सुटला. पण त्या हकीकतीने कोर्टात जे हसू पिकले, त्यात त्याला आपल्या घरचेच हसणे ऐकू आले. आणि पुढे त्याने लिहून ठेवले की फ्रान्समध्ये काळ्या अमेरिकनाला जी मोकळीक आहे ती अल्जीरियनाला नाही. फ्रान्सने ज्याला गुलाम केले होते तो तेथे अल्जीरियन होता; काळा अमेरिकन हा दुसऱ्याच्या घरचा गुलाम होता, म्हणून तो पाहुणा ठरला.

इथे मला एक सूत्र दिसते आणि ते मी वाचकांसमोर ठेवतो. प्रत्येक समाज आपली उतरंड आपल्या माणसांसाठी रचतो. बाहेरून आलेल्याला त्या उतरंडीत ठरलेली जागा नसते, म्हणून त्याला काही काळ मुभा मिळते. ही मुभा सुखाची असते. चार वर्षांत ती माणसाच्या मनातली हजार वर्षांची जाणीव पुसू शकते, याला खुद्द बाबासाहेबांची साक्ष आहे. तिचे मोल मी कमी लेखीत नाही. पण मुभा म्हणजे समता नव्हे. मुभा देणारा आपली उतरंड मोडीत नाही, तो फक्त तुमचे नाव तिच्यात लिहावयाचे राहून गेलेले असते.

विद्यार्थ्याचे निरोप येत असतात. खोली मिळाली. आडनाव कोणी विचारले नाही. विचारले ते उत्पन्न, भाड्याच्या तिप्पट, आणि जामीन कोण राहणार ते. दुकानात शिरताना आधी नमस्कार करावा लागतो, तो न करता भाव विचारला तर बाई राग धरते. रविवारी बाजार मिटतो. मिस्त्राल नावाचा वारा सुटला की दिवसचे दिवस दारे आपटतात. राहण्याच्या परवान्यासाठी कागदांवर कागद. हे सर्व तो आनंदाने कळवितो, आणि मला त्यात लंडनच्या पापडांची चव येते. ही निव्वळ अडचण आहे. पण एकदा त्याने कळविले, "सर, स्टेशनात तपासणीवाल्यांनी माझ्यापुढच्या अल्जीरियन पोराला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. माझा पासपोर्ट बघून हसून सोडलं. मला बरं वाटलं, आणि मग लय वाईट वाटलं." या पोराने बॉल्डविन वाचलेला नाही. त्याला वाचण्याची आवश्यकताही पडली नाही.

आणखी एकदा त्याने कळविले की, खोल्यांच्या त्या इमारतीत चार भारतीय मुले मिळून स्वयंपाक करतात, त्यांनी यालाही बोलाविले. कांदा चिरता चिरता एकाने सहज विचारले, "पूरा नाम क्या है?" सोलापूर ते मार्सेय एवढे अंतर त्या प्रश्नाने एका वाक्यात कापले. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी श्री. व्यं. केतकरांचा इशारा उद्धृत केला होता की, हिंदू जगात पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. १९१७ साली बडोद्याच्या धर्मशाळेत विचारणारे हिंदूही नव्हते. २०२३ साली अमेरिकेतील सिॲटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तशा आशयाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. परदेश गोऱ्यांच्या हाती आहे तोवर आमच्या पोराला मुभा आहे. त्याच इमारतीत दुसरा देशबांधव आला की मुभा संपते.

आता मी स्वतःविषयी सांगतो, कारण दुसऱ्याचे तपासून आपले झाकणे ही समीक्षा नव्हे. मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील हमाली करीत. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागली तेव्हा सोलापुरात खोली शोधत फिरलो. "सर, कुठले? कुणापैकी?" हा प्रश्न सात दारांत ऐकला. "आम्हांला काही नाही हो, पण आमच्या आईला चालत नाही," हे तीन दारांत. आठव्या घरचे गृहस्थ सुशिक्षित होते. त्यांनी माझे बोलणे, चष्मा, पुस्तके पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही."

ती खोली मी घेतली.

बाबासाहेबांचा फोटो मी दोन महिने पेटीतून बाहेर काढला नाही. आई गावाहून भेटावयास आली तेव्हा तिने भिंतीकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि काही विचारले नाही. तिने न विचारलेला तो प्रश्न मला आजवर छळतो. ज्याला मी शिष्टाचार समजलो तीसुद्धा मुभाच होती. माझ्याच जिल्ह्यात, माझ्याच भाषेत मला परदेशी माणसाची वागणूक मिळाली होती, आणि तिचे भाडे मी फोटो पेटीत ठेवून चुकविले. बडोद्याच्या वहीतले ते पारशी नाव मी त्या दिवशी समजलो. त्या खोलीतून मी वर्षाने बाहेर पडलो. भिंतीवर फोटो लावला आणि घरमालकांना अचानक आपल्या पुतण्यासाठी जागा हवी झाली.

लंडनमधील ज्या घरात बाबासाहेब भाडेकरू होते, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. चांगले झाले. पण सोलापुरातल्या किंवा कोणत्याही शहरातल्या भाड्याच्या खोलीच्या दारात जो प्रश्न उभा आहे, त्याचे काय? तो विकत घेता येत नाही.

म्हणून आपल्या लिहिणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. आपली मुले आता परदेशी जात आहेत, जाऊ लागलीच पाहिजेत. ती लिहितील. त्यांनी पाहुण्याचे पुस्तक लिहू नये. ती पुस्तके मराठीत पुरेशी आहेत. त्यांनी भाडेकरूचे लिहावे. ज्या दारांत काही घडले नाही तेही सविस्तर लिहावे, कारण अपमान नसलेला दिवस कसा असतो हे आपल्या वाङ्मयाला अजून ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मागता येत नाही. आपण काय मागत आहोत हे इथल्या माणसाला कळावयाचे तर त्या दिवसाचे वर्णन हवे. आणि हे लिहिताना आपल्याशेजारी भिंतीकडे तोंड करून कोण उभा आहे, तेही लिहावे. तो लिहिला नाही तर आपलेही पुस्तक 'अपूर्वाई'च होईल.

बॉल्डविनचे शव दक्षिण फ्रान्सहून न्यूयॉर्कला आणले. अंत्यविधी झाला तो ११२ व्या रस्त्यावरच्या मोठ्या चर्चमध्ये, बाबासाहेबांच्या त्या जुन्या रस्त्यापासून दोन रस्ते पलीकडे. सतरा वर्षे परक्या गावाने सांभाळलेला माणूस शेवटी ज्या उतरंडीने त्याला घालविले तिच्याच पायथ्याशी परत आला. बाबासाहेबही परत आले होते. मुभेत राहिले असते तर सुखाने राहिले असते. परत येणे ही समतेची मागणी होती.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर कळविले आहे. "तिकडे आडनाव विचारीत नाहीत. पण ज्याला विचारतात त्याच्याकडे बघत जा. आणि कोणी पूर्ण नाव विचारलेच, तर पूर्ण सांग."

त्याचे उत्तर आले. "सांगितलं सर. दोघं उठून गेले. दोघं जेवले."

मी ते आईला वाचून दाखविले. ती म्हणाली, "दोघं जेवले ना? मग लिही तसं."

तसे लिहिले आहे.